सावित्रीचा पूल आणि संगणकाची कुरकुर

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल पुरात कोसळला. 1928 साली बांधलेला, दगडी कमानींचा. दोन एस.टी. गाड्या माणसांसकट गेल्या. नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला, 5 जून 2017 ला खुलाही झाला. पण जुन्याचा फोटो शोधू लागलो तर घरात एकही नाही. महाड-पोलादपूर करण्यात जन्म गेला आमचा, पण रोजच्या पुलाचा फोटो कोण काढतो!

मग आठवली भाच्याच्या लग्नाची 1998 ची व्हिडिओ कॅसेट. पुढे तिची डीव्हीडी करून घेतली होती. वऱ्हाड पोलादपूरहून महाडला येताना शूटिंगवाल्याने खिडकीतून पूल टिपलाय. जेमतेम दहा सेकंद. सेकंदाला 25 चित्रे, म्हणजे अडीचशे!

नातवाने पुलाचा तेवढाच तुकडा कापला आणि एफएफएमपेग वापरून चित्रे सुटी करणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. चालवल्याबरोबर पडदाभर संगणकाची कुरकुर.

"आबा, नुसत्या वॉर्निंग आहेत. दिसणारच नाहीत असं करतो."

"आधी वाच, मग पूस," मी म्हटले. मास्तरकी सुटत नाही...

वाचल्यावर कळले, कुरकुर दोन प्रकारची होती. एक पिक्सेल फॉरमॅट जुना असल्याची. तिने फार तर रंगाची छटा बदलते. दुसरी मात्र 'कन्सीलिंग एरर्स', म्हणजे चुका झाकतोय! डीव्हीडीवर प्रत्येक चित्र पूर्ण नसते. बारा-पंधरांत एखादेच पूर्ण, बाकीच्यांत फक्त काय बदलले तेवढे. तुकडा मधूनच कापल्याने आधीचे पूर्ण चित्र मागेच राहिले. मग संगणक शेजारपाजारचे उसने घेऊन भोके बुजवतो. पहिल्या चित्रांत नुसते राखाडी चौकोन होते, ते कोणीही ओळखेल. पण एकात कठडा अगदी छान दिसत होता आणि त्याखाली नदीच्या जागी अलीकडच्या वळणावरची झाडी! सूचना बंद केल्या असत्या तर हेच चित्र 'आपला जुना पूल' म्हणून नातेवाइकांत फिरले असते.

उपाय सोपा निघाला. तुकडा न कापता मूळ फाइलच घेतली, पुलाच्या बरीच आधीपासून स्क्रिप्ट चालवली आणि नको ती चित्रे नंतर टाकून दिली. बहुतेक कुरकुर थांबली. दोन ठिकाणची राहिली, ती डीव्हीडीवरच्या ओरखड्यांची. तिथे काही इलाज नाही. ती चित्रे 'सदोष' नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली, पुसली नाहीत.

इतिहास शिकवताना मीही कितीदा मधली भोके बुजवली असतील, आणि वर्गाला सांगितलेही नसेल. संगणक निदान कुरकुरतो तरी!

हाती आलेले चित्र अंधुक आहे. कठडा, एका कमानीचा कोपरा, खाली पाणी, आणि काचेत माझ्या बहिणीचा चेहरा. ती आता नाही. पण जे आहे ते त्या दिवसाचेच आहे, उसने काही नाही.

असो. तुमच्या कपाटात अशी कॅसेट असेल तर बघा. पूल मागे कुठेतरी असेलच.