पोलीस किंवा लष्करात नोकरी केली असेल तर कॅनडाचा व्हिसा नाकारतात का?

मे २०१७ मध्ये सीआरपीएफचे एक निवृत्त महानिरीक्षक व्हँकुव्हर विमानतळावर उतरले आणि तिथेच त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. त्याआधी २०१० मध्ये बीएसएफच्या एका निवृत्त जवानाला व्हिसा नाकारताना कॅनडाच्या उच्चायुक्तालयाने संपूर्ण दलावरच हिंसक असल्याचा ठपका ठेवला होता. दोन्ही वेळा भारताने आक्षेप घेतला आणि कॅनडाने खेद व्यक्त केला.

त्यामुळे मुलाकडे टोरांटोला जायची तयारी करणाऱ्या निवृत्त हवालदाराला किंवा माजी सैनिकाला धास्ती वाटणं साहजिक आहे. मग नियम नेमका काय आहे?

कायदा काय सांगतो?

कॅनडाचा इमिग्रेशन आणि निर्वासित संरक्षण कायदा २००१ चा आहे. त्यातली दोन कलमं इथे महत्त्वाची.

कलम ३४ सुरक्षेबद्दल आहे. हेरगिरी, दहशतवाद किंवा सरकार उलथवण्याचा प्रयत्न यांचा त्यात समावेश होतो. अशा कृत्यांत गुंतलेल्या संघटनेचं नुसतं सदस्यत्वही इथे पुरेसं ठरू शकतं. म्हणून गुप्तचर विभागात काम केलेल्यांची चौकशी जास्त खोलात जाऊ शकते.

कलम ३५ युद्धगुन्हे आणि मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांबद्दल आहे. कॅनडाने ठरावीक राजवटींची यादी केली आहे. त्या राजवटींचे वरिष्ठ अधिकारी केवळ पदामुळे अपात्र ठरतात. २०२२ मध्ये इराणच्या राजवटीचा त्यात समावेश झाला. भारत सरकार या यादीत नाही.

या प्रकरणांत फौजदारी खटल्यासारखा पक्का पुरावा लागत नाही. अधिकाऱ्याकडे ‘विश्वास ठेवण्याजोगी कारणं’ असली तरी पुरतं.

मग नुसती नोकरी गुन्हा ठरते का?

नाही. २०१३ मध्ये काँगोच्या एका माजी राजनैतिक अधिकाऱ्याच्या प्रकरणात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. केवळ संघटनेशी संबंध होता म्हणून कोणी तिच्या गुन्ह्यांत सहभागी ठरत नाही. त्या व्यक्तीने स्वेच्छेने, जाणूनबुजून आणि लक्षणीय हातभार लावलेला असावा लागतो.

हे ठरवताना संघटनेचा आकार आणि स्वरूप, तुमचा विभाग, काम, हुद्दा, सेवेचा काळ, भरती कशी झाली आणि सोडून जाण्याची संधी होती का, हे पाहिलं जातं. म्हणजे वाहतूक शाखेतला हवालदार आणि कोठडीत छळ झाल्याचे आरोप असलेल्या पथकाचा प्रमुख, या दोघांची फाइल सारखी नसते.

फॉर्ममध्ये काय विचारतात?

व्हिजिटर व्हिसाच्या फॉर्ममध्ये थेट प्रश्न असतो: लष्कर, निमलष्करी दल, पोलीस किंवा सुरक्षा संघटनेत सेवा केली आहे का? कैद्यांशी किंवा नागरिकांशी गैरवर्तन होताना तुम्ही पाहिलं किंवा त्यात भाग घेतला का, असाही प्रश्न आहे.

इथेच अनेकांना मोह होतो: ‘कशाला सांगायचं, उगाच चौकशी लागेल.’ पण लपवणं जास्त महागात पडतं. महत्त्वाची माहिती दडवल्याचं किंवा खोटी दिल्याचं ठरलं, तर कलम ४० नुसार पाच वर्षांची बंदी येते. अर्ज एजंटने भरला असला तरी जबाबदारी अर्जदाराचीच राहते.

तयारी काय करावी?

- सेवापुस्तक, बदलीचे आदेश, निवृत्तीचा आदेश किंवा डिस्चार्ज बुक यांवरून नेमणुकांची तारीखवार यादी करा. मध्ये रिकामा काळ ठेवू नका.
- प्रत्येक ठिकाणी हुद्दा काय होता, प्रत्यक्ष काम काय होतं आणि वरिष्ठ कोण होते, ते लिहा.
- विभागीय चौकशी किंवा खटला झाला असेल, तर निकालाची प्रत जवळ ठेवा.
- गोपनीय कागद मात्र जोडू नका. सेवेची गोपनीयता निवृत्तीनंतरही लागू असते.

शंका उपस्थित झाली तर?

नकार देण्याआधी अधिकारी सहसा पत्र पाठवून आक्षेप कळवतात आणि उत्तरासाठी मुदत देतात. ते पत्र म्हणजे नकार नव्हे. ‘मी प्रामाणिकपणे सेवा केली’ एवढंच लिहून भागत नाही. आक्षेप ज्या काळाबद्दल आणि ठिकाणाबद्दल आहे, त्या वेळी तुम्ही कुठे होता आणि काय करत होता, हे कागदांसह मांडावं लागतं. या टप्प्यावर परवानाधारक इमिग्रेशन सल्लागार किंवा वकील घेणं शहाणपणाचं.

तरीही नकार आला, तर कॅनडाबाहेर झालेल्या निर्णयाविरुद्ध तिथल्या फेडरल कोर्टात ६० दिवसांत दाद मागता येते.

एक गोष्ट घरच्यांनीही लक्षात ठेवावी. या कलमांखाली एक जण अपात्र ठरला, तर त्याच्यासोबत अर्ज केलेल्या पती-पत्नीचा आणि मुलांचा अर्जही अडकू शकतो. म्हणून वडिलांच्या नोकरीचा रकाना भरताना घाई नको. तो त्यांच्यासोबत बसूनच भरा.