लेखणी, गिरणी आणि तुरुंग



वर्तमानपत्र आपण सकाळी चहाबरोबर चाळतो आणि संध्याकाळी रद्दीत टाकतो. परंतु दोन महायुद्धांच्या मधल्या काळात लेखणी हाती धरणाऱ्याला तिची किंमत कशी मोजावी लागे, हे श्रीपाद अमृत डांगे यांच्या जीवनावरून दिसते.

डांगे यांचा जन्म १८९९ चा, नाशिक जिल्ह्यातील. असहकाराच्या लाटेत त्यांनी मुंबईचे विल्सन कॉलेज सोडले आणि १९२१ साली 'गांधी विरुद्ध लेनिन' ही इंग्रजी पुस्तिका लिहिली. ती वाचून रणछोडदास लोटवाला यांनी त्यांना साहाय्य केले. हे गृहस्थ स्वतः पिठाच्या गिरणीचे मालक होते! ऑगस्ट १९२२ मध्ये डांगे यांनी 'सोशॅलिस्ट' हे इंग्रजी साप्ताहिक सुरू केले. त्याच महिन्यात कलकत्त्यास काझी नझरुल इस्लाम यांचे 'धूमकेतू' निघाले. एकमेकांपासून इतक्या दूर असलेल्या या दोन तरुणांना एकाच काळाने लिहिते केले होते.

सरकार स्वस्थ बसले नाही. १९२४ च्या कानपूर कट खटल्यात डांगे, मुझफ्फर अहमद, शौकत उस्मानी आणि नलिनी गुप्ता यांना प्रत्येकी चार वर्षांची शिक्षा झाली. बादशहाचे राज्य उलथविण्याचा कट, हा आरोप. नावे पाहा : दोन हिंदू, दोन मुसलमान, आणि आरोपीचा पिंजरा एकच.

१९२७ साली डांगे सुटले. त्याच वर्षी मुंबईच्या कामगार-शेतकरी पक्षाचे 'क्रांती' हे साप्ताहिक निघाले होते. पुढे डांगे त्याचे संपादक झाले. हा बदल लहान नव्हे. 'सोशॅलिस्ट' इंग्रजी शिकलेल्यांसाठी होते, 'क्रांती' मराठीत होते. गिरणीत त्या वेळी दोन मागांऐवजी तीन माग एकाच विणकराच्या गळ्यात घालण्याचा मालकांचा बेत होता. एप्रिल १९२८ मध्ये संप सुरू झाला, तो ऑक्टोबरपर्यंत चालला. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने बाहेर राहिले. याच संपात गिरणी कामगार युनियन जन्मली. डांगे तिचे सरचिटणीस झाले. वर्षअखेर तिची सभासदसंख्या पन्नास हजारांवर गेली.

आणि मग फेब्रुवारी १९२९ उजाडला. पठाण मुले पळवितात, अशी अफवा मुंबईत उठली. तिच्यातून हिंदू-मुस्लिम दंगल पेटली आणि शंभराहून अधिक माणसे मेली. सहा महिन्यांची उपासमार ज्या एकीला मोडू शकली नाही, तिला एका अफवेने तडा गेला. छापलेल्या खऱ्या शब्दाची गरज किती मोठी असते, हे यावरून कळावे.

पुढच्याच महिन्यात, २० मार्च रोजी, मीरत खटल्यासाठी देशभर धरपकड झाली. खटला जवळजवळ चार वर्षे चालला. जानेवारी १९३३ मध्ये डांगे यांना बारा वर्षांची शिक्षा झाली. अपिलात ती तीन वर्षांवर आली आणि १९३५ साली ते सुटले.

त्यांच्यावर आक्षेपही आहेत, ते झाकून ठेवू नयेत. १९२४ साली तुरुंगातून सरकारला सहकार्य देऊ करणारी, त्यांच्या नावची पत्रे १९६४ साली उजेडात आली. ती बनावट असल्याचे डांगे यांनी सांगितले. पण त्यावरून पक्षात मोठे वादळ झाले. इतिहास वाचताना माणसाला देव करू नये आणि एका कागदावरून सैतानही ठरवू नये.

त्या काळी आपले माजलगाव निजामाच्या राज्यात होते. तेथे वृत्तपत्रांवर इतके निर्बंध होते की 'मराठवाडा' हे साप्ताहिक १९३७ साली पुण्याहून काढावे लागले. आज तसा अडसर नाही. तरीही दिवाळीनंतर आपल्या तालुक्यातील शाळांची बाके रिकामी होतात. उचल घेतलेले आईबाप मुलांना घेऊन ऊसतोडीला जातात. तेथे नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. माणसाची मोजणी हत्याराने होते!

विद्यार्थी मित्रांनो, गिरणीतल्या तिसऱ्या मागाविषयी लिहिणारा कोणीतरी होता, म्हणून आज आपण त्याविषयी वाचतो. कोयत्याविषयी कोण लिहिणार? हे काम परक्यावर सोपवू नका. त्या रिकाम्या बाकांवर बसणाऱ्या मुलामुलींपैकीच कोणी शिकून ते लिहावे, यासाठीच तर शाळा असतात.