चोपाउची निष्कास नळी : मोटारसायकलची शक्तिवृद्धी आणि ज्ञानाच्या स्वामित्वाचा प्रश्न

तंत्रविद्येचा इतिहास लिहिताना एखाद्या शोधाचे जनकत्व एकाच व्यक्तीस बहाल करावयाचे आणि त्याच्या प्रसाराचे श्रेय एखाद्या नाट्यमय प्रसंगास द्यावयाचे, ही प्रवृत्ती सर्वत्र आढळते. पूर्व जर्मनीतील चोपाउ या लहानशा गावी १९५३ ते १९६१ या काळात मोटारसायकलच्या एंजिनाची शक्ती वाढविण्याचा जो उद्योग झाला, त्याचा रूढ वृत्तान्तही यास अपवाद नाही. वाल्टर काडेन या अभियंत्याने एक गुपित हस्तगत केले, एर्न्स्ट डेग्नर या स्वाराने ते जपानला पोहोचविले आणि जपानी कारखाने विजयी झाले, असा तो वृत्तान्त आहे. त्यातील घटना खऱ्या आहेत. त्यांवरून काढला जाणारा अर्थ मात्र अपुरा आहे.

१. मूळ अडचण

दोन-धावी एंजिनात दट्ट्याच्या एकाच खाली-वर येण्यात सर्व चक्र पुरे होते. येथे चार-धावी एंजिनासारख्या झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीतील द्वारे दट्ट्या स्वतःच उघडतो व मिटतो. रचना साधी व स्वस्त, परंतु जळालेला वायू बाहेर पडत असतानाच ताजे मिश्रण आत येत असल्याने त्याचा काही अंश जळण्यापूर्वीच निसटून जातो. आडोल्फ श्न्युर्ले याने ताज्या मिश्रणास सिलिंडरमध्ये वळण देणारी द्वाररचना १९२० नंतरच्या दशकात काढली व तिच्या आधारे चोपाउच्या डी.के.डब्ल्यू. कारखान्याने मोठा लौकिक मिळविला. शर्यतीच्या गाड्यांत मिश्रण पंपाने दाबून भरण्याची युक्तीही त्याने योजिली. १९३८ साली एवाल्ड क्लूगे याने आइल ऑफ मॅन येथील २५० घ. सेंमी. वर्गाची शर्यत जिंकली, ती अशाच गाडीवर.

दुसऱ्या महायुद्धानंतर शर्यतींच्या नियमांनी दाबून भरण्याच्या या पद्धतीस बंदी केली. दोन-धावी एंजिन त्यामुळे मागे पडले. बाहेरून दाब देणे निषिद्ध ठरल्यावर तो दाब एंजिनाच्याच श्वासोच्छ्वासातून मिळविता येईल काय, हा प्रश्न उभा राहिला. पुढील सर्व संशोधनाचे मूळ या निर्बंधात आहे.

२. काडेनची पद्धती

चोपाउचा कारखाना युद्धोत्तर विभागणीत पूर्व जर्मनीच्या वाट्यास आला आणि १९५६ पासून एम.झेड. या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याच्या शर्यत-विभागाची सूत्रे १९५३ साली काडेनकडे आली. साधने तुटपुंजी होती. पैशाची व उत्तम धातूंची चणचण कायमची होती.

काडेनने ज्या तीन गोष्टींवर भर दिला, त्यांपैकी निष्कास नळी सर्वांत महत्त्वाची होय. निष्कासद्वार उघडताच दाबाचा एक तरंग ध्वनीच्या वेगाने नळीतून धावतो. नळी पुढे शंकूप्रमाणे रुंदावत गेली असेल, तर तेथून ऋण दाबाचा तरंग परततो व सिलिंडरमधील जळका वायू ओढून घेतो. शेवटी नळी पुन्हा निमुळती झाली असेल, तर तेथून धन दाबाचा तरंग उलटतो आणि नळीत निसटलेले ताजे मिश्रण, द्वार मिटण्याच्या क्षणी, पुन्हा आत लोटतो. दाबून भरणाऱ्या पंपाचे काम अशा रीतीने एक पोकळ पत्र्याची नळी करते. हे तरंग काडेनने ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर पाहिले व नळीची लांबी आणि शंकूंचा उतार त्यांनुसार बदलीत नेला.

दुसरी गोष्ट म्हणजे दांड्यासह फिरणारी पातळ पोलादी चकती. तिच्यामुळे मिश्रण आत घेण्याची वेळ दट्ट्याच्या चालीपासून मुक्त झाली. तिसरी म्हणजे निष्कासद्वारासमोरील जादा द्वार. त्यातून येणारे थंड मिश्रण दट्ट्याच्या तप्त भागासही निववीत असे. या सर्वांचा परिणाम आकड्यांत दिसतो. १२५ घ. सेंमी.च्या एंजिनापासून १९५४ च्या सुमारास १३ अश्वशक्ती मिळत होती. १९६१ मध्ये ती मिनिटास १०,८०० फेऱ्यांवर २५ झाली. म्हणजे लिटरमागे २०० अश्वशक्ती, आणि तीही पंपावाचून!

अर्थात या लाभाची किंमत द्यावी लागली. तरंगांचा मेळ फेऱ्यांच्या एका अरुंद टप्प्यातच बसतो. त्याखाली एंजिन निर्बल व अडखळते होते. शक्ती आणि सौम्यता या दोहोंस एकाच नळीत नांदविणे, हा शक्तिवृद्धीच्या कलेतील जुना पेच येथे अधिकच तीव्र झाला.

३. ज्ञान कोणाचे?

यांतील एकही कल्पना सर्वस्वी काडेनची नव्हती. फुगीर नळी पश्चिम जर्मनीतील एरिख वोल्फ याच्या गाड्यांवर आधी दिसली होती. फिरती चकती काडेनने डानिएल त्सिमरमान या खाजगी कारागिराच्या एंजिनावरून घेतली. सुट्या कल्पना मापनाच्या कसोटीवर घासून त्यांचा परस्परांशी मेळ बसविणे, हे काडेनचे खरे कर्तृत्व होय. आणि ते कोणत्याही एका कल्पनेहून मोठे आहे.

डेग्नरच्या प्रसंगाचा विचारही याच दृष्टीने केला पाहिजे. १३ ऑगस्ट १९६१ रोजी बर्लिनची भिंत उभारण्यास आरंभ झाला. १७ सप्टेंबरला स्वीडनमधील क्रिस्टियानस्टाड येथे डेग्नरचे एंजिन निकामी झाले आणि शर्यतीनंतर तो पूर्व जर्मनीस परतलाच नाही. १२५ घ. सेंमी.चे अजिंक्यपद त्या वर्षी होंडाच्या टॉम फिलिसकडे गेले. डेग्नर जपानमध्ये सुझुकी कारखान्यास मिळाला व १९६२ साली ५० घ. सेंमी. वर्गात जगज्जेता ठरला.

परंतु चोपाउची विद्या त्यापूर्वीच सीमा ओलांडून गेली होती. तेथील आर.टी. १२५ या गाडीच्या आराखड्यावरून ब्रिटन, अमेरिका व सोव्हिएट संघ येथे युद्धानंतर गाड्या निघाल्या. १९५५ ची यामाहाची पहिली मोटारसायकलही त्याच वंशातील. सुझुकी स्वतः दोन-धावी गाड्या आधीपासून बनवीत होती. तिला आराखड्यांइतकीच उणीव होती ती अनुभवाची : कोणता बदल कोठे थांबवावा, दट्ट्या कशाने अडकतो, याच्या जाणिवेची. हे ज्ञान कागदावर पुरतेपणी उतरत नाही. ते माणसाबरोबर जाते. म्हणूनच डेग्नरचे जाणे निर्णायक ठरले. तथापि ते रुजले, ते तेथील भूमी तयार होती म्हणून.

४. निष्कर्ष

१९७५ साली यामाहाने ५०० घ. सेंमी.चे अजिंक्यपद दोन-धावी एंजिनावर मिळविले आणि २००१ पर्यंत त्या वर्गावर याच प्रकाराचे वर्चस्व राहिले. भारतात १९८५ मध्ये आलेल्या यामाहा आर.एक्स. १०० या गाडीस महाराष्ट्रातील गॅरेजांतून बसविल्या गेलेल्या फुगीर नळ्याही याच तत्त्वावर चालतात. त्या वाकविणाऱ्या कारागिरास काडेनचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. जपानमधील सुझुका येथील शर्यतमार्गाच्या एका वळणास डेग्नरचे नाव आहे. स्मृतीची वाटणी कर्तृत्वाच्या प्रमाणात होतेच असे नाही. १९९६ साली निवर्तलेल्या काडेनचे स्मारक कोठे शोधावयाचे झाल्यास ते त्या नळीच्या आकारातच शोधावे लागेल. ज्ञानाची चोरी झाली किंवा नाही, याचा निवाडा इतिहासकाराने अवश्य करावा. परंतु ते ज्ञान कितीजणांच्या हातांनी घडले, याचा हिशेब मांडल्यावाचून तो निवाडा न्याय्य ठरणार नाही.