उणे एक: खेळांतील गाळलेल्या पाठांविषयी

पाठचिकित्सा म्हटली की डोळ्यांसमोर पोथ्या येतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा गणपती व्यासांचा लेखनिक झाल्याची घरोघरी ठाऊक असलेली कथा संहितेतून निघून परिशिष्टात गेली. नागपूरला तर हा विषय अधिकच जवळचा. वि. भि. कोलते यांनी महानुभावांच्या पोथ्यांत आयुष्य घालवले आणि १९७८ साली लीळाचरित्राची आपली आवृत्ती अभ्यासकांच्या हाती दिली. मूळ कोणते, मागाहून शिरलेले कोणते, गळलेले कोणते, हे प्रश्न त्यामुळे येथल्या साहित्याच्या विद्यार्थ्याला नवे नाहीत. तेच प्रश्न एका अप्रतिष्ठित संहितेला विचारून पाहावेत, एवढाच या टिपणाचा हेतू आहे. ही संहिता म्हणजे फळीवरून फळीवर उड्या मारत पुढे जाण्याचे जुने व्हिडिओ गेम.

१९८५ साली आलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा अवघ्या ४० किलोबाइटांचा खेळ. जागेची काटकसर इतकी, की आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप ही एकच आकृती आहे, फक्त रंग वेगळा. या खेळात एक आख्यायिका होऊन बसलेली जागा आहे. पहिल्या विश्वाच्या दुसऱ्या टप्प्याच्या शेवटी विशिष्ट रीतीने भिंतीतून आरपार गेले आणि पडदा पुरता सरकण्याआधी नळात उतरले, की खेळाडू ‘उणे एक’ या विश्वात पोहोचतो. तेथे पाणीच पाणी, आणि शेवटच्या नळातून बाहेर पडले की पुन्हा तोच आरंभ. निर्मात्यांनी दडवून ठेवलेले हे गुप्त विश्व आहे, अशी अनेकांची समजूत होती.

वस्तुस्थिती निराळी आहे. खेळाच्या दुसऱ्या एका जागी तीनऐवजी एकच नळ आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या रिकाम्या जागांसाठी ३६ हा अंक लिहिला आहे. चित्रांच्या यादीत ३६ म्हणजे कोरी चौकट. भिंतीतून घुसलेल्या खेळाडूसाठी यंत्र चुकून हीच यादी वाचते आणि त्याला छत्तिसाव्या विश्वात धाडते. पडद्यावर विश्वाचा आकडा कोरा दिसतो, मागे उरते ती विश्व आणि टप्पा यांच्यामधली आडवी रेघ आणि एक. त्या रेघेला आपण उणे म्हणालो. हा लेखकाचा गुप्तार्थ नव्हे. रिकाम्या जागेचे झालेले हे वाचन आहे. पोथीतल्या कोऱ्या जागेतून सिद्धान्त काढणारे टीकाकार आपल्याही परंपरेत कमी नाहीत.

खरोखर गाळलेला पाठ पाहायचा तर ‘सॉनिक द हेजहॉग २’ (१९९२) या खेळाकडे वळावे. त्यातला ‘हिडन पॅलेस’ नावाचा भाग प्रकाशनापूर्वी काढून टाकण्यात आला. त्याचे संगीत मात्र ध्वनिचाचणीच्या यादीत दहाव्या क्रमांकावर तसेच राहिले. ते ऐकू येई, पण ते कोणत्या जागेचे हे खेळात कोठेही कळत नसे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस या खेळाचा कच्चा खर्डा इंटरनेटवर आला आणि तो भाग अभ्यासकांनी प्रत्यक्ष पाहिला. २०१३ च्या मोबाइल आवृत्तीत तो पूर्ण करून पुन्हा बसवला गेला. येथे संपादनशास्त्राचा जुना पेच उभा राहतो: लेखकाने स्वतः टाकलेला मजकूर वीस वर्षांनी परत घातला, तर तो मूळ पाठ की क्षेपक?

तिसरा प्रकार नाममुद्रेचा. अटारी कंपनी खेळांवर रचनाकारांची नावे छापत नसे. म्हणून वॉरेन रॉबिनेट याने ‘अ‍ॅडव्हेंचर’ (१९८०) या आपल्या खेळात एक गुप्त दालन रचून त्यात स्वतःचे नाव लिहून ठेवले. अभंगाच्या अखेरच्या चरणात कर्त्याचे नाव ऐकण्याची सवय असलेल्या मराठी वाचकाला यामागची गरज समजावून सांगावी लागत नाही.

आता आपल्या पाठाकडे. नव्वदच्या दशकात जपानी फॅमिकॉमच्या धर्तीची यंत्रे भारतात ‘समुराई’, ‘लिटिल मास्टर’ अशा नावांनी घरोघरी आली. नागपूरसारख्या शहरांतल्या मुलांनी मारिओ आणि ‘कॉन्ट्रा’ वाचले ते बहुतांशी नकली कॅसेटींमधून. वेष्टनावर हजारो, लाखो खेळांचा दावा. आत मोजके खेळ, तेच वेगळ्या टप्प्यापासून सुरू होणारे किंवा बदललेल्या नावांनी पुन्हा पुन्हा आलेले. यांतल्या अनेक प्रतींत आरंभीच्या पडद्यावरून कंपनीचे नाव आणि साल खरवडून टाकलेले असे. रॉबिनेटने धडपडून नाव घातले होते. येथे अनामिक नक्कलकाराने तेच पुसले. आपल्या हाती आलेला पाठ असा मुखपृष्ठ फाटलेला, कर्ता आणि काळ हरवलेला होता.

तरीही तो पाठच होता, आणि एका पिढीने पाहिलेला तोच होता. प्रकाशित खेळ आणि परदेशी खर्डे यांची आज काळजीने जपणूक होते. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ (१९८९) या खेळाची हरवलेली मूळ आज्ञावली जॉर्डन मेकनर याच्या वडिलांना २०१२ साली एका खोक्यात सापडली, तेव्हा जुन्या तबकड्यांवरून ती उतरवून घेण्यासाठी जाणकार धावून आले. सीताबर्डीतून घरी आलेली कॅसेट मात्र भंगारात जाते. तिच्यातला मजकूर काळ्या डिंकाच्या थेंबाखाली झाकलेला असतो आणि त्या स्मृतिपेशींनाही वय असते. लीळाचरित्राची मूळ पोथी नष्ट झाल्यावर ते शिष्यांच्या आठवणीतून पुन्हा जुळवले गेले, असे परंपरा सांगते. या खेळांच्या बाबतीत आठवण भरपूर आहे, पण आठवणीला अचूक आकडे येत नाहीत. कोणत्या प्रतीत कोणता खेळ कोठून सुरू होई, कोणती अक्षरे पुसलेली होती, हे सांगायला प्रतच हवी.

भ्रष्ट पाठ टाकाऊ नसतो, हे कोलत्यांसारख्या संपादकांनी आपल्याला शिकवले. तो ग्रंथ कोणत्या वाटेने प्रवास करत आला, याची तो साक्ष देतो. परिशिष्टात गेलेला गणपतीसुद्धा संपादकांनी फेकून दिला नाही. तो छापूनच बाजूला ठेवला. आपल्या कॅसेटींना अजून परिशिष्टही मिळालेले नाही.