‘कबूल’ एकदाच?

आमच्या दारव्ह्यात निकाहाच्या वेळी वकील आणि दोन गवाह मुलीकडे जातात, तिची रजामंदी विचारतात. ती मान हलवते आणि बाहेर छुहारे वाटले जातात. संमतीचा प्रश्न तिथंच मिटला असं आपण समजतो. पण एकदा दिलेला होकार जन्मभर पुरतो का, हा प्रश्न मुंबईच्या न्यायालयात फार पूर्वी उभा राहिला होता.

रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी झालं. त्या माहेरीच वाढल्या, शिकल्या. १८८४ साली त्यांना नांदायला पाठवावं म्हणून नवऱ्यानं दावा लावला. न्या. पिन्ही यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला. जी कधी नांदलीच नाही, तिला मनाविरुद्ध नवऱ्याच्या हवाली करणं त्यांना क्रूरपणाचं वाटलं. अपिलात निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम दिला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी कैदेची तयारी दाखवली. टिळकांच्या ‘केसरी’नं त्यांच्यावर टीका केली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढं त्या लंडनला शिकून डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोटला त्यांनी काम केलं.

‘हा त्यांच्या समाजाचा मामला’ असं म्हणून आपल्याला सुटता येत नाही. १८६७ साली बुझलूर रहीम विरुद्ध शम्सुन्निसा बेगम या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलनं ठरवलं की, मुसलमान नवरा बायकोला परत आणण्यासाठी दिवाणी दावा लावू शकतो. जुलूम होत असेल तर तो तिचा बचाव ठरे. नुसती नाखुषी पुरेशी नव्हती.

आणि आपला वारसा काय सांगतो? बापानं मर्जीविरुद्ध लावलेला खनसा बिन्त खिदाम यांचा निकाह हुजूर (स.) यांनी रद्द केला. हदीस बुखारी शरीफमध्ये आहे.

१८९१ च्या कायद्यानं शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा केलं, पत्नीसाठीसुद्धा. १९२३ मध्ये न नांदणाऱ्या स्त्रीची कैद गेली. पण २०२४ मध्ये लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही, एकत्र राहणाऱ्या अठरा वर्षांवरील पत्नीवर नवऱ्यानं केलेली जबरदस्ती बलात्कार मानली जात नाही.

वर्गात मी मुलींना इजाब-कबूलचा अर्थ सांगते. निकाहानंतरही शरीर तिचंच असतं, रोजची रजामंदी वेगळी असते, हे मात्र मुलग्यांनाही सांगायला हवं. ते अजून आपल्या कुठल्याच धड्यात नाही.