"सर, मायकल जॉर्डनही जुगार खेळायचा ना?"

मागच्या वर्षीची गोष्ट. लातूरला शिकवणीसाठी खोली करून राहिलेला वीस वर्षांचा एक मुलगा आईबरोबर माझ्याकडे आला. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) उंचापुरा, शाळेपासून बास्केटबॉल खेळणारा. "डॉक्टरसाहेब, पोरगं रात रात जागतंय, धड जेवत नाही. झोपेचं काहीतरी द्या," आई म्हणाली. मी रक्तदाब पाहिला, थायरॉइडची तपासणी लिहून दिली आणि परीक्षेचा ताण असेल असं समजून आठवडाभराच्या गोळ्या दिल्या.

तीन आठवड्यांनी तो परत आला, या वेळी मामांबरोबर. मामांनीच तोंड उघडलं. मोबाइलवर पैसे लावून खेळतो, शिकवणीची फी त्यातच गेली, आईची बोरमाळ गहाण पडली. मुलगा मान खाली घालून बसला होता. मग एकदम म्हणाला, "सर, मायकल जॉर्डनही जुगार खेळायचा ना? त्याचं काय बिघडलं?"

प्रश्न उद्धट वाटेल, पण तो खरा आहे आणि त्याचं उत्तर द्यायला थोडा इतिहास सांगावा लागतो.

जॉर्डनबद्दलची कुजबुज

मायकल जॉर्डन हा शिकागो बुल्स संघाचा खेळाडू. 1991, 1992 आणि 1993 अशी सलग तीन वर्षं त्याच्या संघानं एनबीएचं विजेतेपद मिळवलं. त्याच काळात त्याच्या पैजांच्या बातम्या येऊ लागल्या. 1992 च्या ऑक्टोबरमध्ये एका खटल्यात त्यानं शपथेवर कबूल केलं, की आरोपीकडे सापडलेला त्याचा 57,000 डॉलरचा चेक हा गोल्फ आणि पत्त्यांत हरलेल्या पैशांचा होता. त्याआधी ते कर्जाऊ दिलेले पैसे असल्याचं त्यानं सांगितलं होतं. 1993 च्या मे महिन्यात न्यूयॉर्कविरुद्धच्या महत्त्वाच्या सामन्याच्या आदल्या रात्री तो अटलांटिक सिटीच्या कॅसिनोत दिसला. दुसऱ्या दिवशी संघ हरला आणि वर्तमानपत्रांना विषय मिळाला. पुढच्याच महिन्यात गोल्फ खेळणाऱ्या एका ओळखीच्या माणसानं पुस्तक लिहून दावा केला, की जॉर्डन आपल्याकडे साडेबारा लाख डॉलर हरला होता. हा आकडा फुगवलेला आहे, असं जॉर्डनचं म्हणणं होतं.

जुलैमध्ये त्याच्या वडिलांचा खून झाला आणि 6 ऑक्टोबर 1993 रोजी त्यानं निवृत्ती जाहीर केली. लगेच कुजबुज सुरू झाली, की ही निवृत्ती नसून जुगारासाठी दिलेली गुप्त शिक्षा आहे. याला कसलाही पुरावा कधी मिळाला नाही. एनबीएनं चौकशी केली, पण त्यानं आपल्याच खेळाच्या सामन्यांवर पैसे लावल्याचं काही निघालं नाही. 1995 मध्ये तो परतला आणि आणखी तीन विजेतेपदं जिंकला.

चाहत्यांत दोन तट पडले, ते आजही आहेत. एक गट म्हणतो, स्वतःच्या कमाईचे पैसे आहेत, खेळू द्या. दुसरा म्हणतो, माणूसच खोटा. जॉर्डनचं स्वतःचं म्हणणं असं, की आपल्याला जुगाराचा नाद नाही, जिंकण्याचा आहे.

आपल्याकडचा वाद

हा वाद आपल्याला नवा नाही. नांदेड, लातूर हा सगळा मुलूख 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे हैदराबादचा मोहम्मद अझरुद्दीन पहिल्या तीन कसोट्यांत तीन शतकं ठोकून पुढे आला, तेव्हा आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना तो आपलाच मुलगा वाटे. म्हणूनच 2000 साल फार झोंबलं.

त्याआधी 1997 मध्ये सामने ठरवले जात असल्याच्या आरोपांवर क्रिकेट मंडळानं माजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांना चौकशी करायला सांगितलं होतं. खेळाडूंविरुद्ध पुरावा नाही, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. मग 2000 च्या एप्रिलमध्ये दिल्ली पोलिसांनी दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याचं सट्टेबाजाशी झालेलं संभाषण उघड केलं. सीबीआयचा अहवाल आला आणि त्या डिसेंबरमध्ये अझरुद्दीनवर आजन्म बंदी घातली गेली. त्यानं आरोप नाकारले. बारा वर्षांनी, 2012 मध्ये, आंध्र प्रदेश उच्च न्यायालयानं ती बंदी बेकायदा ठरवली. 99 कसोटींवर थांबलेला आकडा मात्र शंभरावर गेला नाही.

पानटपरीवर त्या वेळी जे वाद झाले, ते मला आठवतात. "विकला गेला" आणि "अडकवला" या दोनच बाजू होत्या. इथं एक फरक लक्षात घ्या. पैसे घेऊन सामना हरणं ही फसवणूक आहे आणि तिचा निवाडा पुराव्यावर होतो. जुगार खेळणं ही वेगळी गोष्ट. आणि जुगार थांबवता न येणं ही तिसरी. चाहते आणि न्यायालयं पहिल्या दोहोंबद्दल बोलतात. डॉक्टरचा संबंध तिसरीशी येतो.

आजाराला नाव कधी मिळालं?

लक्षणं फार जुनी आहेत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचं एक सूक्त आहे. त्यातल्या माणसाची बायको दुरावली आहे, सासू राग राग करते, कोणी उधार देत नाही. उद्यापासून खेळणार नाही असं तो ठरवतो आणि फाशांचा आवाज आला की पाय तिकडेच वळतात. आज माझ्यासमोर बसणारा रुग्ण याहून वेगळं काही सांगत नाही.

तरीही वैद्यकानं या अवस्थेला अधिकृत नाव दिलं ते 1980 साली. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या यादीत रॉबर्ट कस्टर यांच्या प्रयत्नांमुळे तिचा समावेश झाला. तेव्हा तिला आवेग आवरता न येण्याच्या विकारांत टाकलं होतं. 2013 मध्ये तिला दारू आणि इतर व्यसनांच्या शेजारी आणून बसवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या वर्गीकरणातही ती व्यसनांतच आहे.

जागा का बदलली? कारण मेंदूत जे घडतं ते सारखंच आहे. आपल्या मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं. बक्षीस हमखास मिळणार असेल तर त्याची फारशी खळबळ होत नाही. मिळेल की नाही हे कळत नसेल, तेव्हा ती जास्त होते. एका आकड्यानं हुकलेला डाव मेंदूला हरल्यासारखा वाटतच नाही, "जवळ आलो होतो" असं वाटतं. म्हणून माणूस पुन्हा लावतो. हळूहळू तेवढ्याच आनंदासाठी जास्त पैसे लागतात, न खेळल्यास चिडचिड होते, झोप उडते. आणि सर्वांत घातक सवय म्हणजे गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी पुन्हा खेळणं.

डोपामिनचा संबंध किती थेट आहे याचं एक उदाहरण सांगतो. पार्किन्सन म्हणजे कंपवातासाठी दिल्या जाणाऱ्या प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल अशा गोळ्यांमुळे, आयुष्यात कधी पत्ता न लावलेल्या काही वयस्कर रुग्णांना जुगाराचा नाद लागल्याची नोंद आहे. डॉक्टरांनी गोळी कमी किंवा बंद केल्यावर तो बऱ्याचदा सुटतो. घरात असं कोणी असेल तर स्वतः गोळी थांबवू नका, आपल्या डॉक्टरांना सांगा.

खेळाच्या जगातही आता ही समज पोहोचू लागली आहे. 2023 मध्ये इंग्लंडचा फुटबॉलपटू आयव्हन टोनी यानं सट्टेबाजीचे 232 नियमभंग मान्य केले. त्याला आठ महिन्यांची बंदी झाली. तज्ज्ञानं जुगाराच्या व्यसनाचं निदान केल्यामुळे ती तीन महिन्यांनी कमी झाली होती. 2024 मध्ये एनबीएचा खेळाडू जॉन्टे पोर्टर मात्र खेळातून कायमचा बाद झाला. त्यानं स्वतःच्या प्रकृतीची माहिती सट्टेबाजांना पुरवली होती आणि तो जुगाराच्या कर्जात बुडालेला होता. आजारामुळे शिक्षा माफ होत नाही. पण आजार ओळखला तर पुढचं नुकसान थांबवता येतं.

कापसापासून मोबाइलपर्यंत

जुगार आपल्या भागात मोबाइलबरोबर आला असं समजू नका. मटका सगळ्यांना माहीत आहे, पण त्याचं मूळ कापसात आहे हे थोड्यांना ठाऊक असतं. न्यूयॉर्कच्या बाजारात कापसाचा भाव कितीला उघडला आणि कितीला बंद झाला, यावर मुंबईत पैसे लावले जायचे. "ओपन" आणि "क्लोज" हे शब्द तिथूनच आले. 1961 च्या सुमारास ते भाव येणं थांबलं, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडे ठरवायला सुरुवात झाली. कल्याणजी भगत आणि रतन खत्री ही नावं त्यातूनच पुढे आली. आमच्या काळ्या रानातल्या कापसाला भाव मिळो न मिळो, कापसाच्या नावानं सुरू झालेला आकडा मात्र गावोगावच्या टपरीपर्यंत पोहोचला.

मटक्याला निदान वेळ होती. आकडा लागेपर्यंत थांबावं लागायचं आणि टपरीवर उभं राहिलं की गाव बघायचं. मोबाइलवर ना थांबणं, ना कोणी बघणारं. पांघरुणाखाली रात्री दोन वाजता मिनिटामिनिटाला डाव लावता येतो. डाव आणि निकाल यांतलं अंतर जितकं कमी, तितकं व्यसन लवकर जडतं. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रानं कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. चांगली गोष्ट आहे. पण दारूबंदीनं दारुडा बरा होत नाही, तसंच इथंही आहे. ज्याला सवय लागली आहे त्याला उपचार लागतातच.

दोन प्रश्न

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. जॉर्डनला आजार होता का? मला सांगता येणार नाही, कारण मी त्याला तपासलेलं नाही. टीव्हीवर पाहून निदान करायचं नसतं. हरलेल्या रकमेवरूनही ते होत नाही. नुकसान किती होणार हे मात्र खिशावर ठरतं. 57,000 डॉलर गेल्यावर जॉर्डनच्या घरची चूल विझली नाही. चाळीस हजारांत याच्या आईची बोरमाळ गेली.

मी त्याला दोनच प्रश्न विचारले. हे प्रश्न डॉक्टर प्राथमिक चाचणी म्हणून वापरतात. पहिला, आधीपेक्षा जास्त जास्त पैसे लावावेत असं कधी वाटलं का? दुसरा, किती खेळतोस याबद्दल जवळच्या माणसांशी कधी खोटं बोलावं लागलं का? एकाचंही उत्तर "हो" असेल तर नीट तपासणी करावी.

पहिल्याला त्यानं मान डोलावली. दुसऱ्याला बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आईला म्हणालो, फी भरली."

पहिल्या भेटीत हे प्रश्न मी विचारायला हवे होते. झोपेच्या गोळीनं तीन आठवडे वाया गेले, ती चूक माझी. तेव्हापासून झोप न येणाऱ्या तरुणाला मी दारू-तंबाखूबरोबर हेही विचारतो.

उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञांकडे समुपदेशनानं विचारांची ही साखळी तोडायला शिकवतात. काही रुग्णांना नाल्ट्रेक्सोनसारखं औषध उपयोगी पडतं. घरच्यांनी काय करावं? पैशांचे व्यवहार काही काळ दुसऱ्याच्या हाती ठेवा. सगळं कर्ज गुपचूप फेडून टाकू नका, कारण त्यातून पुन्हा खेळायला मोकळीक मिळते. कोणाचं किती देणं आहे ते एका कागदावर लिहून काढा. मारहाण आणि चारचौघांत अपमान टाळा. या रुग्णांत आत्महत्येचा धोका मोठा असतो. जीव नकोसा झाल्याची भाषा आली तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं.

तो मुलगा मध्ये एकदा घसरला, पण या वेळी लपवलं नाही, स्वतःच मामांना फोन केला. बोरमाळ अजून सुटलेली नाही. संध्याकाळी तो पुन्हा बास्केटबॉल खेळायला जातो आणि जॉर्डन आजही त्याचा आवडता खेळाडू आहे. त्याला माझी हरकत नाही.

आवडत्या खेळाडूंबद्दल वाद जरूर घाला. फक्त त्या वादाच्या आवाजात आपल्या घरातलं कोणी रात्र रात्र का जागतंय, हे विचारायचं राहू देऊ नका.