शांतिनिकेतनातले पाहुणे

एखाद्या विद्यापीठाने परदेशी विद्यापीठाशी करार केला की वर्तमानपत्रात फोटो येतो. दोन कुलगुरू, मध्ये टेबल, टेबलावर दोन देशांचे छोटे झेंडे. पुढे तिकडून कोण आले, किती दिवस राहिले, कुणाला काय शिकवून गेले, याची बातमी सहसा वाचायला मिळत नाही. असा फोटो पाहिला की मला बोलपूरची गोष्ट आठवते.

बोलपूर हे बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातले रेल्वे स्टेशन. तिथून जवळच, लाल मातीच्या माळावर रवींद्रनाथ ठाकुरांनी १९०१ साली शाळा काढली आणि २३ डिसेंबर १९२१ रोजी विश्वभारती रीतसर सुरू झाली. विद्यापीठाचा दर्जा तिला संसदेच्या कायद्याने मिळाला तो १९५१ साली. म्हणजे तीस वर्षे हा कारभार मान्यतेवाचून चालला. तरी उद्घाटनाच्या आधीच पॅरिसचे थोर संस्कृत पंडित सिल्व्हाँ लेव्ही तिथे येऊन दाखल झाले होते. ते आले आणि चिनी व तिबेटी शिकवू लागले. संस्कृत शिकवायला फ्रेंच माणूस कशाला हवा? पण मूळ संस्कृतातून हरवलेले कितीतरी बौद्ध ग्रंथ चिनी आणि तिबेटी अनुवादांत शिल्लक आहेत. आपलेच हरवलेले सामान शोधायला शेजाऱ्याच्या घरी जायचे, तर त्याची भाषा यायला हवी. लेव्हींकडे शिकलेले प्रबोधचंद्र बागची पुढे चीनविद्येतले मोठे अभ्यासक झाले आणि १९५४ साली विश्वभारतीचेच कुलगुरू झाले.

लेव्हींच्या पाठोपाठ प्रागहून विंटरनित्स आले, नॉर्वेचे स्टेन कोनो आले. पण पाहुणा म्हटला की खर्च आला, आणि संस्थेची तिजोरी कायम रिकामी. कवी झोळी घेऊन देशोदेशी हिंडत होता. झोळी पसरली की कोण काय टाकील याचा नेम नसतो.

१९२५ साली रोमहून प्राध्यापक कार्लो फोर्मिकी आले. सोबत इटालियन ग्रंथांची मोठी भेट होती आणि ज्युसेप्पे तुच्ची हा तरुण विद्वान होता. भेट पाठवणाऱ्याचे नाव बेनितो मुसोलिनी. पुढच्याच वर्षी रवींद्रनाथ त्याच्या सरकारचे पाहुणे म्हणून इटलीत गेले. दुभाषी फोर्मिकीच. रवींद्रनाथ काय बोलले यापेक्षा ते मुसोलिनीची स्तुती करून गेले, एवढेच तिथल्या वर्तमानपत्रांनी जगाला सांगितले. पुढे स्वित्झर्लंडमध्ये रोमाँ रोलाँ भेटले, फॅसिस्टांच्या छळातून सुटलेली माणसे भेटली, तेव्हा कवीचे डोळे उघडले. ऑगस्ट १९२६ मध्ये त्यांचे पत्र ‘मँचेस्टर गार्डियन’ने छापले. फॅसिझमला आपला पाठिंबा नाही, असे त्यांनी जाहीर केले. इटलीतून शिव्यांचा वर्षाव झाला आणि तुच्चींना शांतिनिकेतन सोडावे लागले. रवींद्रनाथ फसले हे खरेच. मुसोलिनी कोण आहे हे १९२५ साली कळण्यासारखे होते. पण चूक कळल्यावर त्यांनी देणगीकडे पाहून तोंड बंद ठेवले नाही, हेही खरे.

चीनचा संबंध असा तुटला नाही. तान युन-शान हे तरुण अध्यापक १९२८ साली आले. चीनमधून पैसा आणि हजारो ग्रंथ त्यांनी जमवले आणि १४ एप्रिल १९३७ रोजी चीन भवन उघडले. तान आयुष्यभर भारतातच राहिले आणि १९८३ साली बोधगयेला वारले.

आता माझ्या जिव्हाळ्याची गोष्ट. १९२७ साली हैदराबादच्या निजामाने इस्लामी विद्येच्या अध्यासनासाठी एक लाख रुपये दिले. त्या जागेवर १९२९ साली आले हंगेरीचे ज्युलियस जर्मानुस. हे प्रथम वाचले तेव्हा मला हसू आले आणि थोडे वाईटही वाटले. बंगालच्या गावागावात मुसलमान, आणि इस्लाम शिकवायला माणूस बुडापेस्टहून! जर्मानुस सुमारे तीन वर्षे राहिले. त्याच काळात दिल्लीत त्यांनी इस्लाम स्वीकारला. देशी परतल्यावर त्यांचे नाव झाले.

पण माझा रुसवा गेला तो दुसऱ्याच एका माणसामुळे. मौलाना झियाउद्दीन हे अमृतसरचे. आधी शांतिनिकेतनात विद्यार्थी, मग तिथेच शिक्षक. सतराव्या शतकातल्या मिर्झा खानाने फारसीत लिहिलेले ब्रजभाषेचे व्याकरण त्यांनी १९३५ साली प्रसिद्ध केले. मुस्लिम सुलेखनावरही त्यांचे पुस्तक आहे. १९३२ साली रवींद्रनाथ इराणला जाऊन आले आणि रझा शाहने इब्राहिम पूर-ए-दावूद या विद्वानाला बोलपूरला धाडले. हे गृहस्थ अवेस्ताचे फारसी भाषांतरकार. रवींद्रनाथांच्या कविता फारसीत न्यायच्या तर बंगाली जाणणारा कुणी शेजारी बसायला हवा. तो म्हणजे झियाउद्दीन. इराणी पाहुणा, पंजाबी मौलाना आणि मधे बंगाली कविता. मी स्वतः कविता लिहितो. एका शब्दासाठी दोन माणसे संध्याकाळ कशी घालवतात ते मला माहीत आहे. या कामावर सही-शिक्का कुठून असणार?

झियाउद्दीन १९३८ साली गेले, ऐन उमेदीत. म्हाताऱ्या रवींद्रनाथांनी त्यांच्यावर कविता लिहिली. तिचे शीर्षक ‘मौलाना झियाउद्दीन’, एवढेच आहे.